वाड्यातले भूत आणि वणी खुर्दचा चौक

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात दोन प्रकारची ओरड झाली. पहिली कोकणातून. आमच्या कोकणाला भुताखेतांचा मुलूख म्हणून बदनाम करू नका, असे तिचे म्हणणे होते. दुसरी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांची. त्यांचे म्हणणे असे की, रोज रात्री साडेदहाला घराघरात भुताची भीती वाटप करण्याचा हा उद्योग बंद करा. दोन्ही तक्रारींत तथ्य होते. पण आमच्या मते तिसरी एक तक्रार व्हायला हवी होती. ती कोणी केली नाही, आणि आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला ती सुचायला हरकत नव्हती.

मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिंधुदुर्गातला नाईकांचा वाडा. घरचा कर्ता अण्णा मरतो आणि त्यानंतर त्या घरावर एकामागून एक संकटे येतात. घरातली माणसे एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. २०१९ साली आलेल्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली आणि अण्णा जिवंत असताना काय काय करून बसला ते दाखवले गेले. जमिनी लाटणे, बायकांवर डोळा ठेवणे, आड येईल त्याचा काटा काढणे. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात वाड्याचे खंडहर झालेले आणि अण्णा व शेवंता भूत होऊन त्यात वावरताहेत. पहिल्या पर्वात नीलिमा नावाची विज्ञान मानणारी सून होती, ती प्रत्येक प्रकाराचे कारण शोधायची. भूत आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा निदान उघडा होता. तिसऱ्या पर्वापर्यंत भूत पक्के झाले. प्रेक्षकांनी नीलिमाला डोक्यावर घेतले नाही, अण्णाला घेतले. वाहिनीवाले गिऱ्हाईक ओळखतात.

आमची तिसरी तक्रार इथेच आहे. वाड्याचा मालक ज्यांच्या जमिनी लाटतो ती माणसे कोण? त्यांची घरे कुठे होती? त्यांच्या पोराबाळांचे पुढे काय झाले? या मालिकेत शापाने झपाटलेले घराणे एकच, आणि ते मालकाचे. दुःख त्याचे, शाप त्याचा, भूतही त्याचेच. आणि प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय? समाजमाध्यमांवर अण्णाचे विनोद, अण्णाच्या नजरेचे कौतुक, अण्णा परत येणार म्हणून आनंद. माधव अभ्यंकरांनी काम चांगले केले, त्याबद्दल वाद नाही. पण जमीन हडपणारा, खून पचवणारा मालक एवढा लाडका व्हावा, हे नटाच्या कौशल्यावर ढकलून मोकळे होता येत नाही. ज्यांच्या आजोबांनी अशा वाड्याच्या ओट्याखाली उभे राहून मजुरी मागितली, त्यांच्या नातवांनाही अण्णा आवडला. हे आम्हाला अधिक लागले.

हा प्रकार मराठीतच आहे असे नाही. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८३९ साली ‘अशर’ घराण्याच्या ऱ्हासाची कथा लिहिली. तिच्यावरून २०२३ साली नेटफ्लिक्सवर आठ भागांची मालिका आली. तिच्यातले अशर घराणे औषध कंपनीचे मालक आहे, वेदनाशामक गोळीचे व्यसन लावून गब्बर झालेले. मालकाची सगळी मुले एकेक करून मरतात आणि घराणे संपते. तिथे निदान पैसा कुठून आला आणि त्यापायी कोण मेले हे नाव घेऊन सांगितले आहे. मेलेल्या गरिबांचा हिशेब शेवटी पडद्यावर मांडला जातो. तरीही एक गोष्ट तिथेही तीच. शिक्षा कोर्ट देत नाही, सैतानी शक्ती देते. न्यायव्यवस्थेवर विश्वास उरला नाही की माणसे भुताकडून न्यायाची अपेक्षा करतात, मग ती अमेरिकेतली असोत की आकेरीच्या वाड्यासमोर फोटो काढायला जाणारी.

जाता जाता शेवंतेविषयी. आमच्या झाडीपट्टीत शेवंताबाई हे नाव घरोघरचे. रोवणीला जाणारी, मोहफूल वेचणारी, भीमजयंतीला पांढरी साडी नेसून पुढे बसणारी म्हातारी. मालिकेनंतर त्या नावाने टिंगल करणे टवाळ पोरांना सुचले. अण्णाचा गुन्हा विनोद झाला आणि शेवंतेचे नाव शिवी झाले. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेचा हा हिशेब कोणत्याही टीआरपीत येत नाही.

आता चंद्रपूर जिल्ह्यात या. जिवती तालुक्यातले वणी खुर्द हे गाव. २१ ऑगस्ट २०२१ रोजी तिथे भानामती करतात या संशयावरून सात दलित स्त्रीपुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत म्हातारी माणसे होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला आठ वर्षे पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे घडले. त्याच ऑगस्ट महिन्यात टाळेबंदीत थांबलेले मालिकेचे तिसरे पर्वही पुन्हा सुरू झाले होते. मालिका पाहून कोणी दोर हाती घेतला असे आम्ही म्हणत नाही. भानामतीचा संशय टीव्हीपेक्षा फार जुना आहे. आम्ही फक्त दोन चित्रे शेजारी ठेवतो. पडद्यावरचे भूत वाड्यात राहते, त्याला बंगल्यासारखा दरारा असतो, त्याच्या नावाने जाहिराती विकल्या जातात. गावातली ‘करणी’ मात्र नेहमी ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्याच दारात सापडते. विधवेच्या, म्हाताऱ्याच्या, गावकुसाबाहेरच्या घरात. वणी खुर्दमध्ये एखाद्या वाड्याच्या मालकाला खांबाला बांधले असते, असे कोणाला वाटते काय?

आणि गडचिरोली. १ मे २०२४, महाराष्ट्र दिन. एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना जिवंत जाळण्यात आले. निमित्त होते एका साडेतीन वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे. पंधरा जणांना अटक झाली आणि त्यांत त्या बाईचा नवरा व मुलगाही होते. शापित कुटुंब म्हणतात ते हे. यावर मालिका निघणार नाही, कारण इथे अंधारा जिना नाही, झुंबर नाही, पार्श्वसंगीत नाही.

अशी बातमी आली की शहरातले सुशिक्षित लोक म्हणतात, आदिवासी मागासलेले आहेत. हे म्हणणारा माणूस जेवून झाल्यावर वाड्यातले भूत बघायला बसतो, आणि ते भूत मुंबईत शिकलेल्या लोकांनी लिहिलेले असते. आदिवासींचे पेन, त्यांचे जंगल, त्यांचे देवकार्य हा वेगळा विषय आहे, त्याची टवाळी आम्ही करणार नाही. जादूटोण्याचा संशय पसरतो तो मृत्यूचे कारण सांगणारे कोणी गावात नसते म्हणून. मूल तापाने गेले की हिवतापाने, की न्यूमोनियाने, हे सांगायला माणूस नसेल तर सांगायला मांत्रिक येतो. याच गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. नवजात बालमृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी खाली आले, आणि हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. भूत उतरवायला गंडा लागला नाही. थोडेसे शिकलेली एक बाई, तापमापी आणि औषध लागले.

मग मालिकेवर बंदी घालावी काय? आमचे मत नाही असे आहे. भीतीची गोष्ट सांगणे हा गुन्हा नव्हे. माणसाला भीती ऐकायला आवडते, आपल्या आज्यांनीही चुलीपुढे ती सांगितली. पण भीतीवर उतारा म्हणून मांत्रिक खरा ठरवला तर मात्र तो प्रचार होतो. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमावलीत अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असे स्पष्ट लिहिले आहे. वाहिन्या त्यावर सुरुवातीला काही सेकंदांची पाटी झळकवून हात झटकतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, एखाद्याला जादूटोणा करतो म्हणून छळणे हाच त्यात गुन्हा धरला आहे. तो कायदा जिवती आणि एटापल्लीच्या गावागावात किती पोचला, ते वर सांगितलेल्या दोन तारखा दाखवतात.

आमच्या लोकांना याबाबतीत दुहेरी वागता येणार नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चांद्यात धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्ध आणि पिंडदान नाकारते. मेलेला माणूस पिंडासाठी भुकेला फिरतो ही कल्पनाच तिने निकालात काढली. ज्या धम्मात अमर आत्मा मानत नाहीत तिथे वाड्यात भटकायला उरते कोण? तरीही मंदिरात न जाणाऱ्या काही घरांत अमावास्येला लिंबू टांगलेले दिसते, ते आम्ही पाहिले आहे. मालिकेची गंमत बघा, हसा, घाबरा, दिवा मालवून झोपा. लिंबू मात्र काढा.

राहता राहिली गोष्ट सांगण्याची. आमच्याकडे झाडीपट्टीची रंगभूमी आहे. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या दिवाळीनंतर मंडईच्या हंगामात रात्र रात्र नाटके करतात आणि हजारो माणसे पहाटेपर्यंत बसून बघतात. पाटलाचा जुलूम दाखवला की मंडपातून शिट्टी नाही, शिवी येते. वणी खुर्दच्या चौकावर नाटक लिहायचे तर या प्रेक्षकासाठी लिहावे. त्यात भूत असायला हरकत नाही. ते वाड्यात ठेवावे आणि वाड्याचा सातबारा प्रेक्षकांना वाचून दाखवावा. लेखक आमच्यातच आहेत, पुढचा हंगाम फार लांब नाही.