रस्सा वेगळा, शेव वेगळी!

मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग, दोन्ही खान्देशातल्या नरडाण्यातून जातात. रस्त्याने निघालं तर एका बाजूला धुळं, दुसऱ्या बाजूला शिरपूर. रुळावरून निघालं तर इकडे दोंडाईचा–नंदुरबार आणि तिकडे अमळनेर–जळगाव. एवढा मुलूख हाताशी असताना ढाब्यावर बसल्याबरोबर मुलांसाठी नूडल्स आणि फिंगर चिप्स सांगितले जातात. कारण ठरलेलं: "पोऱ्याले तिखं लागस!" खान्देशी जेवण तिखट आहे, यात शंका नाही. पण त्याच ताटात लहान मुलांसाठी केवढं तरी आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवं.

पहिली शेवभाजी. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला आणि वर तर्री. शेव मात्र अगदी शेवटी पडते, कारण रश्श्यात फार वेळ राहिली की ती फुगते, विरघळते आणि भाजीचं पिठलं होतं. मुलं बरोबर असतील तर याच गोष्टीचा फायदा घ्या. ऑर्डर देतानाच सांगा, "भाऊ, शेव वेगळी आणा." भाजीची शेव जाड असते, कधी तिखटही असते, म्हणून आधी स्वतः चाखा. मग वाटी मुलापुढे ठेवा. आधी कोरडी शेव, मग टोक बुडवलेली शेव, मग भाकरीचा तुकडा. किती बुडवायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं.

तरी जीभ भाजलीच तर? पाणी कामाचं नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, पाणी प्यायल्याने ते तोंडभर पसरतं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून जिभेवरून सोडवतं. म्हणून दूध किंवा दह्याची वाटी.

मुलांना सांगायला आणखी एक गंमत. गोड-आंबट-खारट यांसारखी तिखट ही चवच नव्हे. चटका ओळखणाऱ्या ज्या नसा असतात, त्याच कॅप्सेसिनने जाग्या होतात आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. पक्ष्यांच्या नसांवर त्याचा असा परिणाम होत नाही, म्हणून पोपट लाल मिरची खुशाल फस्त करतो. नंदुरबार आणि दोंडाईचा या आज मिरचीच्या नावाजलेल्या बाजारपेठा. पण ही मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. सहाशे वर्षांपूर्वीच्या खान्देशी स्वयंपाकात ती नव्हतीच! तेव्हा कमी तिखट जेवणारं पोर काही परक्या मुलखातलं नाही.

आता वांगं. बहुतेक मुलं याच्यावर रुसतात, आणि त्यात हट्टापेक्षा जिभेचा भाग जास्त असतो. लहान मुलांना कडवटपणा मोठ्यांपेक्षा अधिक जाणवतो. शिवाय साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाची धास्ती सगळ्यात जास्त असते. अशा वेळी जळगावचं भरीत उपयोगी पडतं. भरताचं वांगं हिरवट, मोठं, गराचं, आणि त्यात बिया कमी. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, सालं काढायची, लाकडी बडगीत ठेचायची, मग तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि भरपूर कांद्याची पात. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत मुलं काड्या गोळा करतात, धूर डोळ्यांत घेतात, सालं सोलताना बोटं काळी करतात. इतकं झाल्यावर घास तोंडात जातोच. मिरची टाकण्याआधीचं ठेचलेलं वांगं, वर मीठ आणि तेलाची धार, एवढं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवा. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका, तो घशात अडकू शकतो. त्याच्या वाटणीच्या भरतात दाण्याचा कूट घाला.

आणि पंगतीत आई-बापाशेजारी नको, इतर मुलांच्या ओळीत बसवा. अमेरिकन संशोधक लिअन बर्च यांनी १९८० मध्ये हे दाखवून दिलं होतं. एखादी भाजी न आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवल्यावर तेही ती निवडू लागलं. घरातल्या मोठ्यांच्या आग्रहापेक्षा शेजारच्या चिंटूचा घास भारी पडतो. आग्रह करायचाच असेल तर धीराने. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा चाखल्यावर मुलांना आवडायला लागतो. दोनदा नाकारलं म्हणजे आवडत नाही, असा शिक्का मारू नका.

लसणाचं तर त्याहून नवल. आई गरोदरपणी लसूण खाते, तेव्हा त्याचा वास गर्भजलात उतरतो. खान्देशी बाळ ठेच्याचा गंध पोटातूनच शिकून येतं!

बाकी ताटातलं झटपट. वरण-बट्टी म्हणजे तूप घालून हाताने कुस्करायची परवानगी, तिखटाचा प्रश्नच नाही. कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते उडीद भरून काढतो. मांडे तर आधी बघायचे आणि मग खायचे: पुरण भरलेली कणीक हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरते आणि उलट्या ठेवलेल्या खापरावर पडते. मांडे करणारी ताई दिसली तर टेबल सोडून मुलांना चुलीजवळ घेऊन जा, फक्त जरा लांब उभं करा. आणि परतीच्या वाटेवर केळीचा बाग दिसला की कोडं घाला: हे झाड आहे का? नाही! केळ ही अवाढव्य शाकीय वनस्पती आहे, तिचं खोड म्हणजे एकमेकांत गुंडाळलेले पानांचे देठ. त्यात लाकूड नसतंच.

कधी निघायचं? भरतासाठी हिवाळा. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने ते पुन्हा सुरू करतात. त्यानंतर काही दिवसांत दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे, आणि नरडाण्याहून शिंदखेडा–दोंडाईचामार्गे जाता येतं. आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळीसाठी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबा. मुलांना सकाळी घरून थोडं खाऊ घालूनच निघा. भुकेने कावलेलं मूल नवी चव सहजासहजी घेत नाही.