खोलीला गातं करणारा संगीतकार

1 डिसेंबर 2021 रोजी अमेरिकेतल्या मिडलटाउन इथे ॲल्विन लुसिअर यांचं वयाच्या 90व्या वर्षी निधन झालं. सूर कुठून येतो, या एकाच प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला.

1931मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ इथे जन्मलेल्या लुसिअर यांचं शिक्षण रीतसर पाश्चात्त्य अभिजात संगीताचं, येल आणि ब्रँडाइस विद्यापीठांत झालं. पुढे ब्रँडाइसमध्येच ते समूहगायन शिकवू लागले. तिथे एडमंड ड्यूअन या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांना मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी यंत्रणा दिली आणि वाटच बदलली. 1965च्या प्रयोगात लुसिअर डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून नुसते बसून राहिले. कानाला ऐकू न येणाऱ्या अल्फा लहरी वर्धित होऊन लाउडस्पीकरमध्ये पोचल्या आणि त्या हादऱ्यांनी शेजारचे ढोल वाजू लागले. मन शांत असेल तरच वादन. विचलित झालं की लहरी थांबल्या.

त्यांची सर्वांत गाजलेली रचना 1969ची, ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’. एका खोलीत बसून त्यांनी एक छोटा परिच्छेद वाचला आणि टेप केला. ती टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप केली, असं पुनःपुन्हा. देवळाच्या गाभाऱ्यात एखादाच सूर जसा घुमतो, तसे प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही सूर असतात. दर फेरीला तेवढेच बळावत गेले, शब्द विरत गेले आणि शेवटी उरला निव्वळ नाद. लुसिअर बोलताना अडखळत. ते अडखळणंही त्यांनी लपवलं नाही, रचनेत घेतलं. खोलीनेच ते हळूहळू विरघळवलं.

वेस्लियन विद्यापीठात त्यांनी चार दशकं शिकवलं. 2011मध्ये ते निवृत्त झाले. प्रायोगिक संगीताचा त्यांचा वर्ग संगीत न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही खुला होता. त्या व्याख्यानांचं ‘म्युझिक 109’ हे पुस्तक 2012मध्ये आलं. रचनाकार आणि शिक्षक ही त्यांची दोन वेगळी कामं नव्हतीच. दोन्हीकडे त्यांनी एकच गोष्ट शिकवली: आधी नीट ऐका.

1980 साली ध्वनिमुद्रित झालेली ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ची 45 मिनिटांची आवृत्ती एकदा सलग ऐका. मधला भाग गाळू नका; शब्दाचा सूर होतो तो तिथेच.