‘की’ दिसला म्हणून ‘दॅट’ लावू नका; इंग्रजी प्रश्न इनडायरेक्ट करताना गुण इथेच जातात

बारावीच्या इंग्रजी पेपरात डायरेक्ट वाक्य इनडायरेक्ट करायला येतं. साधं विधान असलं तर मुलं निभावून नेतात. प्रश्न आला की गाडी अडते. इंग्रजीत काठावर असलेल्या मुलांना हा एक गुणही महागात पडतो. या चुकीचं मूळ मराठीच्या सवयीत आहे.

आपण सहज म्हणतो, ‘आईने रवीला विचारलं की तू कुठे चाललास?’ आईचे शब्द जसेच्या तसे राहतात, मध्ये फक्त ‘की’ येतो. मुलं या ‘की’चं ‘दॅट’ करतात आणि ‘मदर आस्क्ड रवी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ असं लिहून मोकळी होतात. इंग्रजीत हे चालत नाही. बरोबर वाक्य असं : ‘मदर आस्क्ड रवी व्हेअर ही वॉज गोइंग.’

क्रम लक्षात ठेवा :

१. ‘सेड टू’चं ‘आस्क्ड’ करा.

२. व्हेअर, व्हाय, व्हेन असा शब्द असेल तर तोच जोडशब्द. उत्तर ‘यस’ किंवा ‘नो’ येत असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लावा. प्रश्नाला ‘दॅट’ लागत नाही.

३. आधी कर्ता, मग क्रियापद. प्रश्नासाठी आलेले डू, डझ, डिड काढून टाका.

४. काळ एक पायरी मागे न्या : ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वूड’, ‘डिड’ असेल तर ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. बाहेर ‘सेज’ किंवा ‘आस्क्स’ असेल तर काळ तसाच ठेवा.

५. ‘यू’, ‘युअर’ कोणासाठी आहे ते बघून बदला. ‘यस्टरडे’चं ‘द डे बिफोर’ होतं.

६. अवतरणचिन्हं आणि प्रश्नचिन्ह काढा, शेवटी पूर्णविराम द्या.

आता हे बघा. द ट्रेडर सेड टू द फार्मर, “डिड यू सेल युअर कॉटन यस्टरडे?” याचं होईल : ‘द ट्रेडर आस्क्ड द फार्मर इफ ही हॅड सोल्ड हिज कॉटन द डे बिफोर.’ मराठीतल्या ‘विकला का?’मधला ‘का’ इथे ‘इफ’ झाला.

एक अपवाद आहे. ‘हू ब्रोक द विंडो?’ यात ‘हू’ हाच कर्ता आहे. म्हणून शब्दांचा क्रम हलत नाही, फक्त काळ बदलतो : ‘हू हॅड ब्रोकन द विंडो’.

उत्तर लिहून झालं की शेवटी प्रश्नचिन्ह राहिलं का आणि मध्ये ‘दॅट’ घुसला का, एवढं तरी तपासाच.