सड्यावरची कोल्हेकुई

रत्नागिरीच्या सड्यावर तिन्हीसांजेला एक कोल्हा हेल काढतो, पलीकडच्या काजूच्या बागेतून दुसरा त्याला साथ देतो आणि बघता बघता कोल्हेकुई रंगते. आवाज एवढा, पण जनावर एकही दिसत नाही. अभ्यासकांनी या सवयीचाच फायदा उचलला. ध्वनिमुद्रित कोल्हेकुई वाजवायची आणि उत्तर कुठून येते त्यावरून टोळ्यांचा अंदाज बांधायचा.

आधी एक घोळ निस्तरू. इंग्रजी गोष्टींतला ‘फॉक्स’ मराठीत सर्रास कोल्हा झाला. खरा तो खोकडाचा नातलग. खोकड म्हणजे देशावरच्या उघड्या माळरानातले २-३ किलोचे, काळ्या शेपूटटोकाचे जनावर. कोकणात ओरडतो तो कोल्हा, चांगला ८-१० किलोचा.

कातळावर पाऊल उमटत नाही. म्हणून पाणंदीतला चिखल, पऱ्याकाठची ओली माती धुंडाळायची. गावठी कुत्र्याचा ठसा गोलसर, माग भरकटलेला. कोल्ह्याचा ठसा लांबट आणि पावले बहुधा एका रेषेत. मधल्या दोन बोटांच्या गाद्या बुडाशी जुळलेल्या दिसल्या, की शंका उरत नाही. विष्ठा तो वाटेतल्या दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी टाकतो. ती त्याच्या हद्दीची पाटीच. वाळलेली विष्ठा काडीने उकलावी: उन्हाळ्यात करवंदा-जांभळांच्या बिया, उंदराचे केस, खाडीजवळ कुर्लीच्या कवचाचे तुकडे. कोंबडीचोर म्हणून बदनाम असलेला हा गडी रानात बिया पेरत हिंडतो, हे बागायतदारांना सहसा कुणी सांगत नाही.

रात्रीची पाळी कॅमेऱ्याची. झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेला हा डबा अंगाची ऊब आणि हालचाल टिपतो. साळिंदर, कांडेचोर, रानडुक्कर आणि नशीब असेल तर खवले मांजर! चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था जिल्ह्यात त्याच्या रक्षणासाठी झटते आहे.

याच संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सागरी कासवांचे काम सुरू केले. तिथे कोल्हा प्रतिस्पर्धी. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत शंभरावर अंडी घालून परतते आणि वासाने त्याला घरटे सापडते. म्हणून कासवमित्र पहाटेच किनारा गाठतात, अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. कोल्हा आधी पोचला असेल, तर कासवाच्या रुंद मागाशेजारी लांबट ठशांची रेघ असते आणि खड्ड्याभोवती फुटकी टरफले.