झाडीपट्टीच्या मंचावरचा बिनतारी माईक

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखांदूरकडे झाडीपट्टीची नाटकं रंगतात, तीही रात्रभर. मंडपाच्या टोकाला बसलेल्यालाही संवाद पोचला पाहिजे. मग बिनतारी माईक अ‍ॅनालॉग घ्यावा की डिजिटल?

अ‍ॅनालॉग माईक आवाजाच्या चढउताराप्रमाणे रेडिओलहरीची वारंवारता हलवतो, एफएम रेडिओसारखीच. पण कुजबुज आणि किंकाळी यांतलं अंतर त्या लहरीत नीट मावत नाही. म्हणून पाठवताना ते दाबतात, पलीकडे पुन्हा फुलवतात. या उलाढालीत हळू संवादामागे कधी सुसकारा ऐकू येतो. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होऊन जातात, त्यामुळे हा खटाटोप टळतो. आकडेमोडीत काही मिलिसेकंद जातात खरे. पण ध्वनीला हवेतून मीटरभर जायलाच सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे उशिराची तक्रार मला फुकाची वाटते.

खरा फरक सिग्नल क्षीण झाल्यावर कळतो. अ‍ॅनालॉग आधी खरखरतो, इशारा देतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ, मग एकदम मुका. ऐन खलनायकाच्या संवादात! त्यात अनेक स्वस्त डिजिटल संच 2.4 गिगाहर्ट्झवर, वायफाय-ब्लूटूथच्याच गर्दीत चालतात आणि या लहरी माणसांच्या शरीरात शोषल्या जातात. रिसीव्हर मंचाजवळ, प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवावा.