मागचा डबा जास्त पळतो?

अकोल्याहून सहल खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला निघाली, की बसमध्येच रोलर कोस्टरचे जाणकार तयार होतात. "मांगच्या डब्यात बसजो, तो जास्त जोरानं पयते!" मुलं हे म्हणतात ते एकवेळ ठीक, पण पालकही म्हणतात आणि विज्ञानाचे मास्तरही.

आता मला सांगा, अमरावती एक्स्प्रेसचा शेवटचा डबा कधी इंजिनाला मागे टाकून बडनेऱ्याला पोचलाय का? एकमेकांना जोडलेल्या डब्यांचा वेग कोणत्याही क्षणी सारखाच असतो. रोलर कोस्टरचंही तेच.

तरीही मागे बसणाऱ्याला दणका जास्त बसतो, हे खरं. इमॅजिकातली 'नायट्रो' घ्या. साखळी गाडीला सुमारे 40 मीटर उंच नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. पहिला डबा माथा ओलांडतो तेव्हा बाकीची गाडी अजून चढावरच असते, म्हणून तो उताराच्या तोंडाशी क्षणभर लोंबकळतो. निम्मी गाडी उताराला लागली की वेग वाढत जातो. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढचे डबे त्याला भरधाव खाली खेचत असतात. शरीर सरळ जाऊ पाहतं, सीट खाली निघून जाते आणि बूड उचललं जातं. म्हणजे वेग सगळ्यांचा एकच, पण तोच माथा प्रत्येक डबा वेगळ्या वेगाने ओलांडतो.

म्हणून मागचीच जागा उत्तम, असंही नाही. पुढच्या उंचवट्यांवर पहिला डबा माथ्यावर पोचतो तेव्हा गाडीचा वेग अजून पुरता उतरलेला नसतो, त्यामुळे तिथे त्यालाही उचल मिळते. मधला डबा माथ्यावर सर्वांत सौम्य. पण खोलगट भागात तो तळाशी असतानाच गाडी सर्वांत वेगात असते, तेव्हा दाब त्याच्याच वाट्याला जास्त. शिवाय नायट्रोत पायाखाली फळी नाही. पहिल्या रांगेत समोर फक्त रूळ आणि आभाळ. तिथली भीती डोळ्यांची.

"मागची जागा धोक्याची" म्हणणाऱ्यांनी पाहावं, खांद्यावरचं कुलूपबंद कवच प्रत्येक सीटला तेच असतं. "वजनदार माणसं बसली की गाडी जास्त पळते" याला मात्र हसू नका. हवेचा विरोध भरलेल्या गाडीला तुलनेने कमी अडवतो. यात्रेतल्या 'कोलंबस' या जहाजाच्या झोक्यातही टोकाची सीट इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरत नाही, फक्त जास्त उंच जाते.

राहिला मुतखडा. मागे बसलं की तो पडतो, ही थाप वाटते, पण तिला आधार आहे. अमेरिकेतल्या वॉर्टिंगर आणि मिचेल यांनी 2016 मध्ये फ्लोरिडातल्या 'बिग थंडर माउंटन'वरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मागच्या जागी 36 पैकी 23 वेळा खडा सरकला, पुढे 24 पैकी फक्त 4 वेळा. 2018 मध्ये त्यांना 'इग नोबेल' हा मिश्कील पुरस्कार मिळाला. पण ते खडे मूत्रपिंडाच्या प्रतिकृतीतले होते, आणि कोस्टर एकच. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातल्या, मुतखडा असलेल्या कुणाला यावरून खोपोलीचं तिकीट काढावंसं वाटलं, तर आधी सोनोग्राफी करून डॉक्टरांना विचारा.