अर्धे झाकलेले भिंग

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात, प्रकाशाच्या प्रकरणाअखेर, एक प्रश्न आहे : बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर वस्तूची पूर्ण प्रतिमा मिळेल का? उत्तर प्रयोगाने पडताळून पाहावे, असेही तेथेच सुचवले आहे. बाजारातील मार्गदर्शिका मुलांचे हे कष्ट वाचवतात. ‘पूर्ण प्रतिमा मिळेल, पण ती फिकी असेल’ एवढे पाठ केले की गुण पदरात पडतात. वेगवेगळ्या राज्यांतील शाळांमध्ये गेलो की मी हा प्रश्न हटकून विचारतो. उत्तर बहुधा बरोबर येते. मग मी विचारतो, ‘हे तुम्ही स्वतः पाहिले आहे का?’ आणि वर्ग गप्प होतो.

पाहायला लागते काय? घरातल्या आजोबांचा वाचनाचा चष्मा पुरे. वर्गातील खिडकीसमोरच्या भिंतीवर कोरा कागद लावावा आणि चष्म्याची काच त्याच्यापुढे मागे-पुढे करावी. एका ठिकाणी खिडकीबाहेरचे झाड कागदावर उमटते; रंगीत आणि उलटे. फूटपट्टीने काच आणि कागद यांतील अंतर मोजावे. चष्म्याचा नंबर अधिक दोन असेल, तर ते पन्नास सेंटिमीटरच्या आसपास भरते. नंबर म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्तांक, हे सूत्र तेव्हा आजोबांच्या डोळ्यांशी जोडले जाते. आता काच अर्धी झाकावी. झाड अर्धे होईल, असे बहुतेक मुले सांगतात आणि ते तसे होत नाही. झाडाच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश काचेच्या प्रत्येक भागावर पडत असतो, हे फळ्यावरच्या दोन-तीन किरणांच्या आकृतीतून कधीच जाणवत नाही. उलट, आकृतीमुळे प्रतिमा त्या दोन किरणांनीच घडते, असा समज पक्का होतो.

चष्म्याच्या दुकानात मिळणारे न कापलेले गोल भिंग, एकात एक सरकणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या आणि पाच सेंटिमीटर नाभीय अंतराचे छोटे भिंग एवढ्यावर दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण होते. (ती सूर्याकडे रोखू द्यायची नाही, हे मुलांना आधी बजावायला हवे.) तारेच्या बारीक कडीत अडकलेला पाण्याचा थेंब हेही भिंगच. थेंब जितका लहान, तितके विवर्धन अधिक. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने काचेच्या इवल्याशा एकेरी भिंगातून सूक्ष्मजीव पाहिले, त्यामागचे तत्त्व हेच.

म्हणजे अडचण पैशांची नाही. हिंदी पट्ट्यातील एका सरकारी शाळेत मला प्रकाशीय मंच प्लास्टिकच्या वेष्टणासह कुलूपबंद कपाटात दिसला. शिक्षकांना विचारले, तर ते म्हणाले, ‘भिंग फुटले तर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहू?’ या उत्तरात आळस नव्हता, अनुभव होता. वस्तू वापरून फुटली तर चौकशी होते; न वापरता गंजली तर कोणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार.

केंद्राने अटल टिंकरिंग लॅबसाठी प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले. अशा सुमारे दहा हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्यावर, २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. त्रिमिती मुद्रणयंत्राला माझा विरोध नाही. पण देशात चौदा लाखांहून अधिक शाळा आहेत. उरलेल्या मुलांनी काय हाताळायचे, हा प्रश्न उद्घाटनाच्या फितीबरोबर कापला जात नाही.

शिवाय याचे उत्तर या देशात एकदा शोधून झाले आहे. १९७२मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक गावच्या शिक्षकांबरोबर बसले. १९७८मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. पुढे पुण्यात ‘आयुका’मध्ये टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमात घडले.

स्वस्त साहित्य हा त्या कार्यक्रमाचा सर्वांत दृश्य भाग होता, सर्वांत महत्त्वाचा नव्हे. शिक्षक दरमहा एकत्र येत, फसलेल्या प्रयोगांवर वाद घालत. आणि परीक्षेत पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा होती. प्रत्यक्ष प्रयोगालाही गुण होते. पुस्तक समोर असताना पाठांतराला अर्थच उरत नाही. ‘पुढच्या मोठ्या परीक्षांचे काय?’ हा आक्षेप मात्र शेवटपर्यंत पाठलाग करत राहिला आणि २००२मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीन दशकांचा अनुभव गुंडाळताना त्याचा तुल्य पर्याय काय, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आज सीबीएसईच्या दहावीत विज्ञानाचे शंभरपैकी ऐंशी गुण लेखी परीक्षेला आहेत. उरलेल्या वीस अंतर्गत गुणांत प्रात्यक्षिकाच्या वाट्याला जेमतेम पाच येतात, आणि तेही बहुतेक शाळा उदारहस्ते वाटतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवाधारित शिक्षणाची भाषा करते, ते स्वागतार्हच. पण शिक्षक धोरणाचा मसुदा पाहून तास घेत नाही, प्रश्नपत्रिका पाहून घेतो.

सुरुवात लहान ठेवता येईल. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांना पटसंख्येनुसार वर्षाला दहा हजार ते एक लाख रुपयांचे एकत्रित अनुदान मिळते. त्यातला थोडा भाग ‘फुटण्यासाठी’ म्हणून राखून ठेवावा आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या प्रयोगसाहित्याचे निर्लेखन मुख्याध्यापकाने स्वतःच्या सहीने करावे. मंडळांनी लेखी परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न असा घालावा, ज्यात दुसऱ्या कोणा विद्यार्थ्याने मोजलेली, थोडी चुकलेली आकडेवारी असेल आणि चूक कोठे झाली हे शोधायचे असेल. भिंग हातात न धरलेल्या मुलाला तो सोडवणे अवघड जाईल. पालकांच्या तक्रारी पहिल्याच वर्षी येतील. मंडळाच्या अध्यक्षांनी त्या वेळी प्रश्न मागे घेऊ नये.